दापोलीत नव्याने आलेल्यांसाठी, नोटीस बोर्डावर न लागणाऱ्या गोष्टी

मी मूळची बार्शीकडची. २००७ च्या जुलैत कृषी पदवीला दापोलीत आले तेव्हा बॅगेत स्वेटर होता आणि छत्री नव्हती. दापोलीला ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणतात, एवढंच घरच्यांना कुणीतरी सांगितलं होतं. शिकले, लग्न झालं, आता इथेच प्रयोगशाळेत नोकरी करते. दरवर्षी देशावरून, विदर्भ-मराठवाड्यातून आलेली मुलं आणि नव्याने रुजू झालेले कर्मचारी तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

शैक्षणिक वेळापत्रक मिळेल ते घ्याच, पण शेजारी भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर टांगा. इथलं वर्ष पाऊस, गणपती आणि शिमगा या तिघांनी वाटून घेतलंय. उरलेल्या जागेत परीक्षा, गॅदरिंग, युवा महोत्सव आणि १८ मेचा इथल्या कृषी विद्यापीठाचा वर्धापन दिन. (विद्यापीठ १९७२ चं. त्या दिवसांत आंबा ऐन भरात असतो, हेही ध्यानात ठेवा.)

पाऊस वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. आमच्याकडे पाच-सहा वर्षांत मिळून पडतो तेवढा इथे चार महिन्यांत येतो. त्यासाठी कॉलेज बंद राहत नाही, तेव्हा रेनकोट आणि छत्री दोन्ही घ्या. वारा सुटला की नुसत्या छत्रीचा उपयोग नाही. चामड्याचे बूट घरीच ठेवून या. पहिल्या वर्षी मी कॉटखालची बॅग ऑगस्टात बाहेर काढली, तर बारावीच्या गुणपत्रिकेवर हिरवट बुरशी आणि शाळा सोडल्याचा दाखला फायलीला चिकटलेला. शिष्यवृत्तीच्या अर्जाला नेमका तोच हवा होता. दाखला मागवायला आणि पुन्हा पोचायला महिना गेला. तेव्हापासून मूळ कागद दुहेरी प्लास्टिकमध्ये घालून स्टीलच्या डब्यात, आणि डबा वरच्या फळीवर. आमच्या घरमालकीण काकी कपाटात साधा पिवळा बल्ब लावून ठेवायच्या. मला आधी हसू आलं होतं. आता माझ्या कपाटातही तो आहे. फक्त कपडे त्याला टेकू देऊ नका. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरचा ऑनलाइन अर्ज मात्र शेवटच्या दिवसावर ढकलू नका. त्या दिवशी लाईट हमखास जाते.

अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय बाहेर पडू नका. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, चिऱ्यांत हात घालायचा नाही, दाराबाहेरची चप्पल झटकल्याशिवाय पायात घालायची नाही. फुरसं हा विषारी साप वीतभर असतो आणि पालापाचोळ्यात दिसत नाही. चावलंच तर कुणी काहीही सुचवो, थेट उपजिल्हा रुग्णालय गाठा. १०८ ला फोन करा.

घाटाचं थोडं सविस्तर सांगते. गावी जाताना आपल्याला कुठला तरी घाट चढावाच लागतो. पावसाळ्यात दरडी येतात, रस्ता बंद होतो, म्हणून निघण्याआधी डेपोत चौकशी करा आणि दिवसाउजेडी वर पोचा. २८ जुलै २०१८ ला इथल्याच कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरला निघालेली बस आंबेनळी घाटात कोसळली. तीस माणसं गेली. त्यातले कित्येकजण आमच्या रोजच्या बोलण्यातले होते. कुणी उत्साहाने पावसाळी सहलीचा विषय काढला आणि समोरचा माणूस एकदम गप्प झाला, तर कारण विचारत बसू नका.

एसटीचा विद्यार्थी पास पहिल्याच आठवड्यात काढा, भाड्याच्या एक तृतीयांशात काम होतं. मार्च २०२३ पासून बायकांना तसंही अर्धं तिकीट आहे. आतल्या गावात खोली घेणार असाल तर घरभाड्याच्या आधी ‘वस्तीची गाडी’, म्हणजे रात्री गावात मुक्कामाला जाणारी शेवटची एसटी, कितीला सुटते ते विचारा. ती चुकली की रिक्षावाला म्हणेल तो दर. रेल्वेला खेड स्टेशन, तीसेक किलोमीटर. गणपतीचं आरक्षण दोन महिने आधी सुटतं आणि बघता बघता संपतं.

गणपतीत कॅम्पस ओस पडतो. प्रयोगशाळा उघडायला माणूस मिळत नाही, मेसचे आचारीसुद्धा गावाला. त्या आठवड्यात प्रयोगाचं वाचन ठेवू नका, हे मी नव्या प्राध्यापकांना दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कुणीतरी ठेवतंच. गावी जाणं जमत नसेल तर सरळ स्थानिक मित्राच्या घरी जा. रात्री जाखडी असते, गोल धरून नाचतात, पायात चाळ. तेच पुढे गॅदरिंगला स्टेजवर येतं तेव्हा मागच्या रांगा का उठून उभ्या राहतात ते कळेल.

जुलैत घरमालकाकडे भातलावणी असेल तर एक रविवार द्या. तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी बांधावरून फेकायचं काम नवख्याला देतात. माझी पहिली मूठ काकींच्या पाठीवर बसली होती. त्या वळून एवढंच म्हणाल्या, “बार्शीत नेम शिकवत नाहीत वाटतं.” इथे माणूस असा तिरका बोलला की समजायचं, तुम्हाला घरात घेतलंय. गोड आवाजात “बघूया” म्हणाला की समजायचं, नळ दुरुस्त होणार नाही.

जेवणाचं म्हणाल तर भाकरी तांदळाची मिळेल. ज्वारीचं पीठ घरून आणा. जून-जुलै मासेमारी बंद, जवळच्या हर्णै बंदरात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, तेव्हा मेसमध्ये ताजा बांगडा का नाही म्हणून भांडू नका. सुकट खायला शिका.

शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी दारात येते, भाडेकरूच्याही. सुट्टी एक दिवसाची लागली तरी स्थानिक मंडळी चार दिवस दिसणार नाहीत. पालखी कुठल्या रात्री तुमच्या वाडीत आहे ते काकींना विचारा, अंगण झाडून ठेवा. ओटीला नारळ, तांदूळ आणि खण लागतो. नारळ आदल्या दिवशीच आणा, त्या संध्याकाळी दुकानात उरत नाही.