बायबल वाचताना या चुका टाळा

‘तुझा आरंभ अल्प असला तरी शेवट मोठा होईल’ अशा आशयाचं वचन नव्या कामाच्या शुभेच्छांमध्ये हमखास दिसतं. खाली संदर्भ असतो ईयोब ८:७. हे बोलतं कोण, ते मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. बोलणारा आहे बिल्दद. ईयोबाची सगळी मुलं नुकतीच दगावली आहेत, आणि हा मित्र त्याला तीनच ओळी आधी सुनावतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, म्हणून त्यांना त्याचं फळ मिळालं. पुढे ४२:७ मध्ये देव या मित्रांवरच संतापतो आणि म्हणतो की हे माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत. आशीर्वाद म्हणून आपण दारावर जे लावतो, ते देवाने ज्याला फटकारलं त्याचं बोलणं आहे.

वचन सुटं काढू नका

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. यिर्मया २९:११ घ्या. ‘तुमच्या हिताचे संकल्प माझ्या मनात आहेत’ हे वचन परीक्षेच्या, नोकरीच्या, लग्नाच्या वेळी हक्काने उद्धृत होतं. पण तो एका पत्राचा भाग आहे. ते पत्र बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, नेलेल्या यहुदी बंदिवानांना लिहिलेलं आहे आणि आधीच्याच वचनात मुदत सांगितली आहे, सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्यांना सांगितलंय काय, तर घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. मागच्या अध्यायात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने दोन वर्षांत सगळं ठीक होईल असं जाहीर केलं होतं आणि यिर्मयाने त्याला खोटं ठरवलं होतं. झटपट दिलासा देणाऱ्यांना उत्तर म्हणून आलेला मजकूर आज झटपट दिलासा म्हणूनच वापरला जातो!

उपाय साधा आहे. वचन आवडलं की निदान पूर्ण अध्याय वाचायचा आणि विचारायचं: कोण, कुणाला, कोणत्या अडचणीत बोलतंय? वचनांचे क्रमांक मूळ लेखकांनी घातलेले नाहीत, हेही ध्यानात असू द्या. आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली, स्टीफन लँग्टन या इंग्लिश धर्मगुरूच्या नावावर आहे. नव्या करारातले वचनांचे आजचे क्रमांक १५५१ साली रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने घातले. जागा सापडावी म्हणून ते आहेत, विचार तिथे संपतो म्हणून नव्हे. आणि सुटं वचन अचूक पाठ असणं हा काही भक्तीचा पुरावा नाही. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान स्तोत्र ९१ मधलं वचनच तर म्हणून दाखवतो.

सगळी पुस्तकं एकाच पद्धतीने वाचू नका

बायबल हे एक पुस्तक नसून ग्रंथालय आहे, हे सगळे मान्य करतात, वाचताना विसरतात. नीतिसूत्रे २६:४ म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नकोस. २६:५ म्हणतं दे. संकलकाला हे दिसलं नसेल? त्याने ती मुद्दाम शेजारी ठेवलेली दिसतात, कारण सुभाषित हा कायदा नसतो. कोणतं कधी लागू करायचं हे ओळखण्यातच शहाणपण. हे न कळल्याने खरी दुखापत होते ती २२:६ वाचताना. मुलाला योग्य वळण लावलं तर म्हातारपणीही तो ते सोडणार नाही, हे निरीक्षण हमी म्हणून वाचलं की वाट चुकलेल्या मुलाचे आईबाप आयुष्यभर स्वतःला दोष देत बसतात.

प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाबाबत उलटा घोटाळा होतो. आशिया मायनरमधल्या सात मंडळ्यांना (ख्रिस्ती समुदायांना) लिहिलेलं, पशू, शिंगं आणि आकडे यांच्या चित्रभाषेतलं ते लेखन आहे. त्याला आणि दानीएलाच्या पुस्तकाला वेळापत्रक समजून विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकाने ख्रिस्ताच्या पुनरागमनाचं गणित मांडलं. शेवटी त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला, तरी गणितं मांडणारे थांबलेले नाहीत.

घडलं ते सांगितलंय, करायला सांगितलेलं नाही

इस्राएलांचा नेता गिदोन याने लोकर खळ्यात ठेवून देवाकडे चिन्ह मागितलं, म्हणून आपणही निर्णय घेताना ‘लोकर ठेवायची’ असा काहींचा समज असतो. पण शास्ते ६ वाचा. तुझ्या हातून इस्राएलांची सुटका होईल, हे देवाने त्याला आधीच स्पष्ट सांगितलेलं आहे. लोकर ही त्याची धाकधूक आहे. याच पुस्तकात इफ्ताहाचा नवस येतो, ज्यात त्याच्या मुलीचा बळी जातो. त्याचं अनुकरण कुणी सुचवत नाही.

पद्धतीचा हट्ट

इथे जरा थांबायला हवं, कारण अभ्यासू वाचक या ठिकाणी अडकतात. शब्दशः अर्थ, रूपकात्मक अर्थ, ऐतिहासिक चिकित्सा (मजकूर कधी, कुणी, कसा लिहिला याचा शोध) या पद्धती म्हणजे एकमेकींशी भांडणारे पक्ष आहेत, असं धरून चालणं हीच मूळ गफलत. प्रत्येकीचा प्रश्न वेगळा आहे. मध्ययुगात चार अर्थ मानत: घडलेली गोष्ट, तिच्यातला ख्रिस्त आणि मंडळीविषयीचा अर्थ, आचरणाचा अर्थ आणि अंतिम आशेचा अर्थ. यरुशलेम म्हणजे एक शहर, मंडळी, माणसाचा आत्मा आणि स्वर्गीय नगरी, असं चारही अंगांनी.

रूपक मोकाट सुटलं की काय होतं त्याचं उदाहरण ऑगस्टीन हा प्राचीन धर्मपंडित देतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, म्हणजे वाटेत लुटलेल्या जखमीला एक परका माणूस उतारशाळेत नेतो त्या येशूच्या गोष्टीत, त्याला जखमी माणूस म्हणजे आदाम दिसतो, उतारशाळा म्हणजे मंडळी, आणि उतारशाळेचा रखवालदार म्हणजे पौल. सुंदर आहे, पण ‘माझा शेजारी कोण?’ हा प्रश्न, ज्यावरून दाखला सुरू झाला, तो बाजूलाच पडतो. थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन धर्मपंडिताने घातलेला नियम म्हणून मला फार उपयोगी वाटतो: चिंतन कोणत्याही अर्थावर करा, पण सिद्धान्त मांडताना युक्तिवाद शब्दार्थावरूनच करा.

ऐतिहासिक चिकित्सेला घाबरण्याचंही कारण नाही. येशूने मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकललं हे योहानात दुसऱ्याच अध्यायात येतं, बाकी तिन्ही शुभवर्तमानांत शेवटच्या आठवड्यात. दोन वेळा घडलं असेल म्हणून मोकळं होण्यापेक्षा, योहानाने ते सुरुवातीला का ठेवलं असेल हे विचारलं तर त्याचं अख्खं पुस्तक उलगडायला लागतं. चिकित्सकांची चूक निराळी: मजकुराचे स्रोत वेगळे काढले की वाचन पूर्ण झालं असं मानणं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये दोन्ही मागितलं, लेखनप्रकाराचा शोध आणि संपूर्ण शास्त्राच्या एकतेचं भान.

‘आम्ही अर्थबिर्थ लावत नाही, जे लिहिलंय तेच मानतो’ म्हणणाऱ्यांनी १५२९ ची मार्बुर्गची भेट आठवावी. ल्यूथर आणि झ्विंग्ली, दोघेही प्रोटेस्टंट सुधारक, दोघेही शास्त्रच प्रमाण मानणारे. ‘हे माझे शरीर आहे’ या, भाकरीविषयी येशूने म्हटलेल्या एका वाक्यावर त्यांचं जमलं नाही ते नाहीच.

आपण कुठे उभे राहून वाचतो

१८०७ मध्ये लंडनमध्ये कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांसाठी बायबलमधले निवडक भाग छापले गेले. त्यातून इस्राएलांच्या सुटकेची कथा गाळली होती, धन्याच्या आज्ञेत राहा हे मात्र ठेवलं होतं. दुसरीकडे अमेरिकेतले गुलाम हीच निर्गमाची कथा स्वतःची म्हणून गात होते. कात्री हातात नसली तरी आपणही गाळतोच: आवडते भाग पुन्हा पुन्हा, नावडते कधीच नाही. मत्तय २७:२५ मधला, येशूच्या रक्ताचा दोष आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो, हा जमावाचा उद्गार साऱ्या यहुदी लोकांवरचा शाप म्हणून शतकानुशतकं वाचला गेला आणि त्याची किंमत वाचणाऱ्यांना नव्हे, यहुदी लोकांना मोजावी लागली. म्हणून अर्थ लावून झाला की एक तपासणी जरूर करा: या अर्थाचा भार कुणावर पडतोय?

तरीही अडलं तर

सगळ्या पद्धती एकदम पारखायच्या असतील तर स्तोत्र १३७ घ्या. बाबेलच्या नद्यांकाठी रडत बसल्याचं हळवं गाणं, आणि शेवटच्या वचनात शत्रूची बाळं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलेलं. ओरिगेन हा प्राचीन ख्रिस्ती विद्वान इथे रूपकाकडे वळतो: बाळं म्हणजे मनात नुकते उपजलेले वाईट विचार, ते लहान असतानाच ठेचावेत. इतिहास विचारणारा वाचक म्हणतो, यरुशलेम उद्ध्वस्त होताना ज्यांनी हे स्वतःच्या मुलांबाबत पाहिलं असेल, त्यांचा हा आक्रोश आहे. कॅथलिक दैनिक प्रार्थनाविधीतून ही शेवटची वचनं वगळलेली आहेत. मला दुसरं वाचन पटतं, कारण सूड घ्या अशी आज्ञा स्तोत्रात कुठेच नाही. सूडाची इच्छा देवापुढे बोलून दाखवली आहे. पण ओरिगेनचा अर्थ हसण्यावारी नेण्याआधी एवढं पाहा, की ते वाक्य जसंच्या तसं प्रार्थनेत म्हणणं त्यालाही जड गेलं होतं.