इफ्तारच्या चाटमधलं केळं काळं पडू नये म्हणून

रमजानमध्ये आमच्याकडे जळगावला संध्याकाळी फळांच्या गाड्यांवर नुसती झुंबड असते, आणि रावेर-सावद्याचं केळं घरात असताना ते फ्रूट चाटमध्ये नाही असं होतच नाही, पण चारला कापलं की अजानपर्यंत काळं आणि खाली पाणीच पाणी.

शेजारच्या आपांना बघून मी आता असं करते:

१. कलिंगड, पपई आधी कापून चाळणीत ठेवायचं, खाली वाटी. निथळलेला रस फेकू नका, सरबतात घाला, फार छान लागतो.

२. केळं सगळ्यात शेवटी, आणि जरा कडकच घ्यायचं, साल पिवळी पण ठिपके न आलेली. भांड्यात आधी अर्ध्या लिंबाचा रस (४ केळ्यांना पुरतो), त्यातच थेट चकत्या पाडायच्या आणि हाताने हलकं खालीवर करायचं, चमचा नको, चेंदा होतो.

३. मीठ, साखर, चाट मसाला अजानच्या ५ मिनिटं आधीच. बरंचसं पाणी सुटतं ते यामुळेच!

फक्त दूध किंवा क्रीमवालं चाट करणार असाल तर लिंबू अजिबात नको, दूध फाटेल. तेव्हा केळं ऐनवेळीच कापा.