तालुक्याच्या गावातून भाषाविज्ञानाच्या परिषदेपर्यंत

मी अकोल्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते आणि वऱ्हाडीच्या क्रियापदांवर काम करते. पीएच.डी.ला नाव नोंदवलेली मुलं-मुली माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, पेपर कुठे पाठवू?" मी त्यांना आधी विचारते, सांगायचं काय आहे? परिषद, नियतकालिक, प्रवासखर्च ही सगळी पुढची कामं. भाषाविज्ञानात सगळ्यात आधी हातात एक वाक्य लागतं. तुमच्या बोलीत चालणारं, पुस्तकातल्या व्याकरणात न बसणारं. आणि अशी वाक्यं महानगरातल्या विभागांपेक्षा तुमच्या घरात, बाजारात, एस.टी.त जास्त आहेत.

हे मी धीर द्यायला म्हणत नाही. सांगली जिल्ह्यातलं कुपवाड जगभरच्या भाषाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत आहे. गम्पर्झ आणि विल्सन या भाषावैज्ञानिकांनी तिथल्या मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगूबद्दल लिहिलेला लेख १९७१ मध्ये आला. शब्द वेगवेगळे, पण वाक्यांची घडण इतकी जवळ आलेली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता यावं. भाषासंपर्क शिकवताना हे उदाहरण आजही घेतलं जातं. असं गाव आपल्याकडे एकच असेल, हे मला पटत नाही.

प्रश्न लहान करा

'वऱ्हाडी बोलीचा भाषावैज्ञानिक अभ्यास' हा परिषदेचा विषय होत नाही. तो आयुष्यभराचा आहे. वीस मिनिटांत मावेल असा प्रश्न कसा दिसतो ते दाखवते.

प्रमाण मराठीत आपण म्हणतो, 'तू पोळी खाल्लीस', 'तू आंबा खाल्लास'. या क्रियापदाला नीट उलगडा. 'खाल्ल' हे भूतकाळाचं अंग, 'ई' पोळीची, आणि शेवटचा 'स' तू-चा. म्हणजे एकच क्रियापद कर्माशीही जुळतं आणि कर्त्याशीही. आमच्याकडे मात्र 'तू पोळी खाल्ली?' असंच ऐकू येतं. 'स' गेला. मग विचारा : 'तू आलास' मधलाही गेला का? हो, 'तू आला' म्हणतात. भविष्यकाळातही गेला का? नाही, 'तू जाशीन' मध्ये द्वितीय पुरुषाची खूण शाबूत आहे. आणि नकारात? प्रमाण भाषेत 'दिलं नाहीस' म्हणताना 'स' क्रियापद सोडून 'नाही'ला जाऊन चिकटतो. बोलीत तिथे काय होतं? कुठल्या वयाची माणसं 'स' ठेवतात, शाळेत शिकलेली पोरं घरी काय बोलतात? हा झाला प्रश्न. एक प्रत्यय, तीन-चार रचना, एक तालुका.

आता आधी कोणी काय म्हटलंय ते बघा. रमेश धोंगडे आणि काशी वाली यांचं २००९ चं इंग्रजी मराठी-व्याकरण पाहिल्याशिवाय परिषदेत उभं राहू नका. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी केलेलं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण ऑनलाइन आहे. आपल्या जिल्ह्यातली ध्वनिमुद्रणं ऐका. शिवाय ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-पाहणीचा मराठीवरचा सातवा खंड, १९०५ चा. त्यात बोलीबोलीतून बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट सांगून घेतलेली आहे. त्या गोष्टीत थोरला मुलगा बापाकडे तक्रार करतो की तू मला कधी एक करडूही दिलं नाहीस. द्वितीय पुरुष, भूतकाळ, कर्म, नकार, सगळं एका वाक्यात! शंभरहून जास्त वर्षांपूर्वीच्या छापील नमुन्यांत हे वाक्य बोलीगणिक कसं येतं याची तुलना करणं एका दुपारचं काम आहे, आणि ते तुमच्या लेखाला इतिहासाची बाजू देतं.

ध्वनिमुद्रण करताना परवानगी आधी घ्या, नंतर नाही. कशासाठी, कुठे वापरणार, नाव छापणार की नाही, हे त्यांच्याच बोलीत समजावून सांगा आणि त्यांचं 'हो' त्याच मुद्रणात येऊ द्या.

कुठे पाठवायचं

आपल्या देशातली जुनी संस्था म्हणजे लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडिया. १९२८ मध्ये लाहोरला, अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेच्या अधिवेशनात ती स्थापन झाली. आज तिचं कार्यालय पुण्यात डेक्कन कॉलेजात आहे. तिची परिषद आणि तिचं 'इंडियन लिंग्विस्टिक्स' हे नियतकालिक, दोन्हींवर नजर ठेवा. पहिल्या भाषणासाठी मला ही जागा आवडते, कारण समोर बसलेल्यांत तमिळ, आसामी, काश्मिरी बोलणारे असतात आणि 'आमच्याकडे असं होतं' हे तिथल्या तिथे ऐकायला मिळतं.

वाक्यरचना किंवा अर्थविचारात औपचारिक, म्हणजे नियम सूत्ररूपात मांडण्याच्या, पद्धतीनं काम करत असाल तर 'फॉर्मल अप्रोचेस टू साउथ एशियन लँग्वेजेस' ही परिषद बघा. ती २०११ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्टला सुरू झाली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून चालत आलेली 'साउथ एशियन लँग्वेजेस ॲनालिसिस' ही राउंडटेबल परिषद जास्त मोकळी. समाजभाषाविज्ञान, इतिहास, बोली सगळ्यांना तिथे जागा असते. बाकीच्या घोषणा लिंग्विस्ट लिस्ट या भाषाविज्ञानाच्या संकेतस्थळावर येतात. दर आठवड्याला एकदा 'कॉल फॉर पेपर्स', म्हणजे लेख मागवणाऱ्या सूचना, चाळायच्या आणि शेवटच्या तारखा वहीत उतरवून ठेवायच्या, एवढी सवय पुरे.

महाविद्यालयांतल्या 'एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्रां'बद्दल स्पष्ट बोलायला हवं. साहित्य, पर्यावरण, ग्रंथालयशास्त्र, क्रीडा असे सगळे विषय एका फलकाखाली, पाच मिनिटांचं वाचन, प्रमाणपत्र आणि पैसे भरून छापलेला जाडजूड अंक. तिथे तुमच्या प्रत्ययावर प्रश्न विचारणारा एकही माणूस नसतो. तो वेळ आणि ते पैसे वाचवा.

एक पान, पण महिनाभराचं

सगळा खेळ ॲबस्ट्रॅक्टचा, म्हणजे निवडीसाठी आधी पाठवायच्या सारांशाचा, आहे. बहुतेक परिषदा एक किंवा दोन पानं मागतात : बारा पॉइंट, चारी बाजूंना एक इंच समास, उदाहरणं धरून. निवड त्याच्यावरच होते. परीक्षकासमोर अशा पानांचा गठ्ठा असतो. त्याला पहिल्या चार ओळींत तुमचा प्रश्न आणि तुमचं उत्तर दोन्ही दिसायला हवं. आपल्याला शाळेपासून 'भाषा हे विचारविनिमयाचे साधन आहे' इथून सुरुवात करायची सवय लागली आहे. ती ओळ खोडा. त्यानंतरच्या तीन ओळीही बहुधा खोडाव्या लागतील.

माझ्या विद्यार्थ्यांना मी असं लिहायला लावते : 'प्रमाण मराठीत द्वितीय पुरुषी कर्ता असताना भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्म आणि कर्ता दोघांशी जुळते. वऱ्हाडीत कर्त्याशी जुळणी भूतकाळातून गेली आहे, भविष्यकाळात टिकली आहे. हा फरक ध्वनिबदलाने स्पष्ट होत नाही. तो काळाच्या रचनेशी जोडलेला आहे, असे मी दाखवते.' तीन वाक्यं. पुढे उदाहरणं, मग दुसरं संभाव्य स्पष्टीकरण आणि ते का चालत नाही, मग आपलं म्हणणं. दुसऱ्याचं स्पष्टीकरण स्वतःहून मांडून खोडलेलं दिसलं की परीक्षकाचा विश्वास बसतो. 'यावर पुढे संशोधन केले जाईल' असं लिहू नका. जे हातात आहे तेवढंच, पण ठामपणे.

उदाहरणं लाइपझिग ग्लॉसिंग रूल्सप्रमाणे, म्हणजे वाक्य तुकड्यातुकड्यानं उलगडण्याच्या सर्वमान्य पद्धतीनं, द्या. पहिली ओळ वाक्याची, प्रत्यय आडव्या रेघेनं तोडलेले. तिच्या बरोब्बर खाली प्रत्येक तुकड्याचं काम. तिसऱ्या ओळीत अवतरणचिन्हांत भाषांतर. वर जितक्या रेघा तितक्याच खाली, हे मोजून बघा. लिप्यंतरात मराठीचे खास खड्डे आहेत. 'चार' आणि 'चारा' यांतला च देवनागरीत एकच, उच्चारात दोन. रोमनमध्ये वेगळी खूण ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. ळ आणि ण खालचं टिंब विसरू नका. टंकलेखन युनिकोडमध्येच हवं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पान परदेशात उघडलं की नुसती चिन्हं दिसतात, आणि परीक्षक तुम्हाला फोन करून विचारत नाही. ध्वनिलिपीसाठी चारिस एसआयएल किंवा डूलोस एसआयएल हे फॉन्ट फुकट मिळतात.

ॲबस्ट्रॅक्टवर नाव नको, कारण परीक्षण निनावी असतं. 'माझ्या आधीच्या लेखात दाखवल्याप्रमाणे' हेही नको. फाइलच्या नावातून आणि पीडीएफच्या गुणधर्मांतून आपलं आणि कॉलेजचं नाव काढा. एका व्यक्तीला साधारणपणे एक स्वतंत्र आणि एक संयुक्त ॲबस्ट्रॅक्ट पाठवता येतो. सूचनेत नीट वाचा. इंग्रजीची भीती वाटत असेल तर आधी मराठीत लिहा, मग लहान लहान वाक्यांत इंग्रजी करा. या शास्त्रात लहान वाक्यं चालतात, उलट बरी वाटतात.

निवड झाली आणि खर्च झेपत नसेल तर संयोजकांना सरळ लिहा : मी विद्यार्थिनी आहे, शिष्यवृत्ती नाही, नोंदणी शुल्कात सवलत किंवा ऑनलाइन भाषण शक्य आहे का? विचारण्यात कमीपणा काहीच नाही.

भाषण सहसा वीस मिनिटं, प्रश्न दहा मिनिटं. उदाहरणांना क्रमांक घालून एक छापील हँडआउट वाटा. लोक त्यावरच टिपणं काढतात आणि 'सातव्या वाक्याबद्दल' असं नेमकं विचारतात. उत्तर येत नसेल तर तो प्रश्न, विचारणाऱ्याचं नाव आणि तुमच्या बोलीत ते वाक्य चालतं का, एवढं लगेच लिहून घ्या. चहाच्या वेळी त्यांना गाठा. लेखाचं खरं काम तिथे सुरू होतं.

लेख

लेख छापायला पैसे मागणारा प्रत्येक जण लबाड नसतो, पण भाषाविज्ञानात पैसे न देता छापून येण्याच्या चांगल्या जागा भरपूर आहेत, म्हणून मी मुलांना एक रुपयाही देऊ देत नाही. 'जर्नल ऑफ साउथ एशियन लिंग्विस्टिक्स' खुलं, म्हणजे कोणालाही फुकट वाचता येणारं, आहे. बोलींचं दस्तऐवजीकरण करत असाल तर हवाई विद्यापीठाचं 'लँग्वेज डॉक्युमेंटेशन अँड कॉन्झर्व्हेशन', २००७ पासूनचं, लेखकाकडून काही घेत नाही आणि वाचकाकडूनही नाही. पुस्तकासाठी बर्लिनचं लँग्वेज सायन्स प्रेस तसंच. या क्षेत्रातल्या लोकांनी यासाठी किंमत मोजली आहे. २०१५ मध्ये 'लिंग्वा' या नामांकित नियतकालिकाचं अख्खं संपादक मंडळ प्रकाशकाच्या शुल्काच्या आणि खुलेपणाच्या धोरणावरून बाहेर पडलं आणि त्यांनी 'ग्लोसा' हे खुलं नियतकालिक सुरू केलं.

'आपला लेख ४८ तासांत स्वीकारू' असा ई-मेल आला तर डिलीट करा. लेख दोन परीक्षकांनी वाचायचा म्हणजे काही महिने जातातच. आयएसएसएन हा नुसता ओळखक्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसीनं) मान्य नियतकालिकांची 'केअर' यादीही २०२५ च्या सुरुवातीला बंद केली, त्यामुळे 'केअर लिस्टेड' ही जाहिरात आता पोकळ आहे. संपादक मंडळातली नावं त्यांच्या विद्यापीठांच्या पानांवर शोधा, आणि गेल्या दोन अंकांतले दोन लेख पूर्ण वाचा. वाचून आपल्याला काही शिकायला मिळालं नाही तर तिथे पाठवू नका. आणखी एक : २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी प्रसिद्ध लेखाची यूजीसीची सक्ती उरलेली नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम तेवढा तपासा, पण घाईनं कुठेतरी छापून टाकू नका.

लेख एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचा. परिषदेच्या कार्यवृत्तात छापलेला मजकूर नियतकालिक पुन्हा घेईल का, हे आधी विचारा. गाइडचं नाव लेखावर घालावं का, हा नाजूक प्रश्न. ज्यांनी सामग्री गोळा केली किंवा विश्लेषणात प्रत्यक्ष भाग घेतला त्यांचं नाव लेखक म्हणून यावं. मार्गदर्शनासाठी आभाराची ओळ असते. आमच्या शास्त्रात एकट्याच्या नावाचा लेख अगदी सामान्य आहे, हे विद्यार्थ्यांनी मनाशी ठेवावं आणि गाइडनंही.

परीक्षणं आली की पहिल्या दिवशी फक्त वाचा. 'मोठ्या दुरुस्त्या' हा नकार नाही, उलट संपादकाला लेख हवा आहे. दोन रकान्यांचा तक्ता करा : डावीकडे परीक्षकाचं प्रत्येक वाक्य, उजवीकडे तुम्ही काय बदललं आणि कुठल्या पानावर. पटलं नाही तिथे कारण द्या, उदाहरणासकट. नकारच आला तर त्या टिपणांतलं जे पटतं ते दुरुस्त करून महिन्याच्या आत पुढच्या ठिकाणी पाठवा. टेबलाच्या खणात लेख सुधारत नाही.

इंग्रजी लेख आला की त्याच विषयावर मराठीतही लिहा. मराठी अभ्यास परिषदेचं 'भाषा आणि जीवन' हे त्रैमासिक १९८३ पासून पुण्याहून निघतं. अशोक केळकरांनी ते सुरू केलं. इंग्रजीचं शब्दशः भाषांतर पाठवू नका, आणि मूळ लेख कुठे आला आहे ते संपादकांना पहिल्याच पत्रात कळवा. तक्ते कमी करा, वाक्यं वाढवा, आणि ज्यांच्या घरी बसून ती वाक्यं मुद्रित केली त्यांना अंकाची प्रत स्वतः नेऊन द्या. 'असं नाही, आम्ही असं म्हणतो' अशी दुरुस्ती त्यांच्याकडून आली, तर ती तारखेसह नोंदवून ठेवा. पुढच्या ॲबस्ट्रॅक्टला लागेल.