अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात हमिंगबर्ड कसे पाहावेत

हमिंगबर्ड, म्हणजे फुलांतला मकरंद पिणारे चिमुकले पक्षी, फक्त अमेरिका खंडांतच आढळतात. आपल्या अंगणातला शिंजीर वेगळ्या कुळातला आहे. म्हणून मुलांना भेटायला किंवा सुट्टीसाठी अमेरिकेला जाणार असाल, तर अ‍ॅरिझोना राज्यातल्या टूसॉन शहराच्या परिसरासाठी काही दिवस अवश्य राखून ठेवावेत.

मोसम आधी ठरवावा. सर्वाधिक जाती पाहायच्या असतील, तर जुलैअखेर ते सप्टेंबरचा आरंभ हा काळ उत्तम, कारण तेव्हा तिथल्या पावसाने रानफुले बहरतात आणि दक्षिणेकडे निघालेले रूफस जातीचे हमिंगबर्डही येऊन मिळतात. ऊन सोसत नसेल त्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये जावे. जाती कमी दिसतील, पण खास वाळवंटातला कोस्टाज हमिंगबर्ड तेव्हा हमखास भेटण्याजोगा असतो.

एका दिवसात चार ठिकाणे उरकण्यापेक्षा एकाच ठिकाणी दोन तास स्वस्थ बसणे केव्हाही चांगले, असे माझे ठाम मत आहे. कोस्टाज हमिंगबर्डचा नर एखादी उघडी फांदी आपलीशी करून पुन्हा पुन्हा तिथेच येऊन बसतो, त्यामुळे त्याच्या मागे धावण्याऐवजी ती फांदी शोधून दुर्बीण तिच्यावर रोखून ठेवावी. प्रथम त्याचा गळा काळाच दिसेल. मग तो मान किंचित वळवतो आणि डोक्यापासून गळ्याच्या दोन्ही बाजूंना मिशांसारखी पसरलेली पिसे एकदम जांभळी झळाळतात. हा रंग पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशामुळे दिसत असल्याने सूर्य आपल्या पाठीशी राहील अशीच जागा निवडावी. आठपट मोठे दाखवणारी आणि जवळच्या वस्तूवरही नीट स्थिरावणारी दुर्बीण पुरेशी होते.

वेळ पहाटेची. थंड रात्री हे पक्षी शरीराचे तापमान उतरवून ऊर्जा वाचवतात, त्यामुळे उजाडताच त्यांना खाण्याची घाई असते.

पॅटागोनिया गावातील पॅटन या हमिंगबर्ड पाहण्याच्या केंद्रात जांभळ्या माथ्याचा आणि पांढऱ्याशुभ्र पोटाचा व्हायोलेट-क्राउन्ड हमिंगबर्ड पाहता येतो. उन्हाळ्यात मडेरा कॅन्यन किंवा रॅम्से कॅन्यन या दऱ्यांच्या डोंगराळ सावलीत जावे. तिथे उष्माही कमी आणि मोठ्या आकाराच्या जातीही मिळतात. दुपारी ढग जमू लागले, की कोरड्या ओढ्यांच्या पात्रांतून बाहेर पडावे, कारण दूरच्या पावसानेही तिथे अचानक लोंढा येतो. भरपूर पाणी सोबत असावेच. कोळ्याच्या जाळ्याने बांधलेले चिमुकले घरटे दिसले, तर लांबूनच पाहावे.

मुक्कामाच्या घरी साखरपाण्याचे भांडे टांगायचे असल्यास चार भाग पाण्यात एक भाग साधी पांढरी साखर विरघळवावी. मध, गूळ किंवा रंग मुळीच घालू नये. उन्हाळ्यात पाणी रोज बदलून भांडे स्वच्छ धुवावे. उन्हाळ्याच्या अखेरीस ते सकाळी रिकामे आढळले, तर रात्री मकरंद पिणारी वटवाघळे येऊन गेली असण्याची शक्यता आहे. अशा वेळी पक्ष्यांसाठी पहाटे पुन्हा भरून ठेवावे.