बंद पद्मिनी उभी करताना: आधी ब्रेक, रंग सगळ्यात शेवटी

सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला सोबत घेऊन जुनी गाडी उभी करायची असेल, तर प्रीमियर पद्मिनीसारखी सोयीची गाडी नाही. 1964 साली कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 डिलाइट म्हणून निघालेली ही गाडी 1974 पासून पद्मिनी झाली. इंजिन 1089 सीसीचं, आणि बॉनेटखाली हात सहज जातो. नट-बोल्ट मिलिमीटरचे, त्यामुळे 8 ते 19 पर्यंतचे रिंग पाने घरात असले की बरंचसं काम होतं. सुटे भाग मुंबईत ऑपेरा हाऊसला आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, पुण्यात जुन्या बाजारात शोधायचे. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्स्याही गेल्या. त्यामुळे काच, बीडिंग, दरवाजाचे हँडल दिसलं की लगेच घेऊन ठेवा.

पैसे देण्याआधी चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी अंक-अंक जुळवा. मग फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे खाली पुट्टी आहे. मॅट उचलून पायाखालचा पत्रा, बॅटरीचा ट्रे, डिकीचा तळ आणि दरवाजांच्या खालच्या कडा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं की पत्रा कुजलाय, तिथे नुसता रंग मारून काही होत नाही. इंजिन बिघडलं तर बांधता येतं. तळ गेलेली गाडी घेऊ नका.

आणखी एक चूक नेहमीची. पहिल्या रविवारी उत्साहात सगळी गाडी उघडायची. महिनाभरात पोरांचा रस संपतो आणि डब्यातले नट कुठले ते कुणालाच आठवत नाही. एका वेळी एकच काम उघडा, फोटो काढा, नट-बोल्ट चिठ्ठी लावलेल्या पिशवीत ठेवा. ते संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

पहिलं काम ब्रेकचं, कारण गाडी सुरू झाली की हलवावीशी वाटतेच. गाडी सपाट जागी घ्या, न उचललेल्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. जॅकने उचलून स्टँडवर टेकवल्याशिवाय खाली हात घालायचा नाही, विटांवर तर अजिबात नाही. ड्रम काढल्यावर आतली काळी धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. साबणाच्या पाण्याने भिजवून पुसा. व्हील सिलिंडरच्या (ड्रममधला, ब्रेकचे शू ढकलणारा छोटा सिलिंडर) आतून बोट फिरवा. खड्डे लागले तर सिलिंडरच बदला, गुळगुळीत असेल तर त्यातल्या रबरी वॉशरचं नवीन किट पुरतं. ही रबरं पेट्रोलने किंवा इंजिन ऑइलने धुतली की फुगतात आणि ब्रेक धरून बसतो. ब्रेक ऑइलच वापरा. ब्रेक ऑइलचे लवचिक होज (रबरी पाइप) तीन असतात, पुढे दोन आणि मागे एक. वरून धड दिसले तरी तिन्ही बदला, जुना होज आतून सुजतो.

मग ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायची, आणि इथे दोन माणसं लागतातच. मुलीला ब्रेक पेडलवर बसवा, तुम्ही निपलपाशी (चाकामागे हवा सोडायचा छोटा स्क्रू). निपलला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा.

“दाब.” ती पेडल हळू दाबते.

“धर.” तुम्ही निपल पाव आटा सैल करता, बुडबुडे येतात, निपल घट्ट करता.

“सोड.”

निपल घट्ट होण्याआधी पाय उचलला की हवा परत आत. ‘सोड’ ऐकल्याशिवाय पाय हलवायचा नाही, हे आधी ठरवून घ्या. सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. दर पाच-सहा वेळा बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीत डॉट 3 ऑइल भरा. टाकी रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. बाटलीत निघालेलं ऑइल परत ओतू नका, आणि सांडलेलं लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं.

पेट्रोलचं काम सोपं, पण घाई नको. पेट्रोलची टाकी उतरवून जुनं पेट्रोल काढा. गंज असेल तर व्हिनेगर भरून रात्रभर ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवा. भोक पडलं असेल तर घरी वेल्डिंग करू नका, रिकाम्या टाकीतली वाफही पेटते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुनं रबर खातं, म्हणून पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) नवीन घ्या.

इंजिनला लगेच सेल्फ मारू नका. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे पातळ ऑइल सोडा, दोन दिवस थांबा आणि मग पान्याने क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) हाताने फिरवा. फिरला नाही तर जोर न लावता आणखी ऑइल सोडा. प्लगच्या वायरी लावताना फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2.

पत्रा आणि रंग यानंतर. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा.

पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. पन्नास वर्षं झाली असतील तर 2021 च्या नियमानुसार ‘व्हीए’ मालिकेचा नंबर घेता येतो. मात्र त्या नंबरावर रोजच्या कामाला गाडी काढता येत नाही.

पहिली चाचणी फाटकाच्या आत: पहिला गिअर, दहा मीटर, ब्रेक. पेडल स्पंजसारखं दबलं तर हवा राहिलीय, परत निपलपाशी जा. चाचणीला चाकावर तुम्हीच. अठराच्या आतल्या मुलाला रस्त्यावर गाडी दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ खाली पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द.