हीरो वाचला, पण कसा? गावातला सुपरहीरो लिहिताना या चुका टाळा

हीरो शेवटी वाचणार हे वाचकाला आधीच ठाऊक असतं, कॉमिकच्या कव्हरवर त्याचंच तर चित्र असतं. वाचकाला राग येतो तो हीरोचा जीव फुकटात वाचण्याचा. गोळी नेमकी चुकते, भिंत बाजूला पडते, खलनायक ऐनवेळी फोनवर बोलायला बाहेर जातो, आणि यातलं काहीच आधीच्या पानांवर पेरलेलं नसतं. याला प्लॉट आर्मर म्हणतात. कथा विदर्भातल्या खेड्यात घडत असेल तर ही लबाडी लवकर उघडी पडते, कारण पोत्याचं वजन आणि विहिरीची खोली वाचकाला पाठ असते.

ताकद आकड्यात न लिहिणं

चौथ्या पानावर हीरो ट्रॅक्टर उचलतो आणि पंधराव्या पानावर चार गुंड त्याला साध्या दोराने बांधून ठेवतात. सगळ्यात जास्त कथा इथेच फसतात. चित्र काढायच्या आधी वहीत चार गोष्टी लिहा: किती वजन, किती वेळ, नंतर शरीराचं काय होतं, आणि ताकद कशाने चालेनाशी होते. उदाहरणार्थ: 5 क्विंटल, 2 मिनिटं, नंतर तासभर हात इतके थरथरतात की चहाचा कप धरवत नाही, उपाशीपोटी ताकद निम्मी.

आता हाच हीरो कापसाच्या जिनिंगला लागलेल्या आगीत घाला. मजुराच्या पायावर रुईच्या तीन गाठी एकावर एक पडल्या आहेत. एक गाठ 170 किलोची, म्हणजे दोन झाल्या 340, तिन्ही मिळून 510. दोन एकदम उचलता येतात, तीन नाहीत. एकेक काढावी तर घड्याळ 2 मिनिटांचं. गाठींच्या पट्ट्या तोडाव्यात तर दाबलेली रुई फुगते, तिच्यात हवा शिरते आणि आग भडकते. वरून विझलेली गाठ आतून धुमसत असते, ते वेगळंच. फक्त 10 किलोने कमी पडलेला हीरो वाचकाला पान उलटायला लावतो. डोंगर उचलणारा हीरो या दृश्यात काय करणार? उचलेल आणि घरी जाईल.

जमीन विसरणं

ट्रॅक्टर साधारण 2 टनांचा. तो डोक्यावर धरला तर सगळा भार दोन तळपायांवर येतो. दोन्ही पायांचं क्षेत्रफळ 400 चौरस सेंटीमीटर धरा, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला 5 किलो. साधा माणूस त्याच पायांवर 200 ग्रॅमही देत नाही, तरी पावसाळ्यात काळ्या मातीत त्याची चप्पल रुतून बसते. म्हणजे तुमचा हीरो श्रावणात ट्रॅक्टर उचलेल आणि गुडघ्यापर्यंत मातीत जाईल. चित्रात तसंच दाखवा. डांबरी रस्त्यावर जिंकणारा हीरो वावरात हरू शकतो, आणि हे खलनायकाला कळलं की अर्धी कथा आपोआप तयार.

दर अंकात ताकद वाढवणं

1938 साली सुपरमॅन आला तेव्हा त्याला उडता येत नव्हतं. तो उडी मारायचा, मैलाचा आठवा भाग, म्हणजे सुमारे 200 मीटर. पुढे ताकद वाढत गेली. त्याची ताकद काढून घेणारा दगड, क्रिप्टोनाइट, आधी रेडिओ मालिकेत 1943 साली आलं, कॉमिकमध्ये 1949 साली. पण बाहेरून आणलेला दगड दर अंकात निघायला लागला की तोही कंटाळवाणा होतो. कमजोरी ताकदीच्या पोटातूनच निघावी. विजेवर चालणारा हीरो असेल तर शेतीच्या लाइनला थ्री फेज किती वाजता येते हीच त्याची मर्यादा. खलनायकाने डीपीवरचा फ्यूज काढला की खेळ संपला. दगड शोधत फिरायची गरजच नाही.

राज कॉमिक्समधले नागराज आणि ध्रुव एका कथेत आणल्यासारखी जोडी करायची असेल, एक अचाट ताकदीचा आणि दुसरा साधा माणूस, तर साध्या माणसाला अशी कामं द्या जी ताकदीने होतच नाहीत: कागद वाचणं, माणूस ओळखणं, बेत आखणं.

बेशुद्ध हीरोला खलनायकाने सोडून देणं

हे खलनायकाचं दुखणं वाटतं, पण हाही प्लॉट आर्मरच. त्याला हीरो जिवंत का हवा, याचं कारण द्या. सावकाराला जमीन हवी आहे, खरेदीखतावर हीरोचा अंगठा हवा आहे. हीरो मेला तर सातबाऱ्यावर वारसांची नावं चढतील आणि सौदा पाच जणांशी करावा लागेल. आता तो हीरोला डांबून ठेवेल, पाणीही पाजेल. गावातला कोणताही वाचक मान डोलावेल.

जखमेचा हिशेब न ठेवणं

1992 साली सुपरमॅनला मारलं आणि 1993 मध्ये परत आणलं. असं वारंवार झालं की मरणाला किंमत उरत नाही. उलट 1973 साली प्रेयसी ग्वेन स्टेसीला पडताना वाचवायला स्पायडर-मॅनने जाळं टाकलं आणि त्याच झटक्याने तिची मान मोडली. ज्या ताकदीवर भरवसा तिनेच घात केला, म्हणून ते पान अजून बोचतं.

अंक काढून झाला आहे, आता?

सगळं फाडू नका. हीरोचं नाव झाकून वाचा आणि तिथे गावातला कुणीही पोरगा आहे असं समजा. तो ज्या चौकटीत मेला असता तिथे खूण करा. समजा विसाव्या पानावर त्याला 40 फूट विहिरीत ढकललं आहे. मे महिना, पाणी नाही, तळाला आपटेपर्यंत ताशी 55 किलोमीटरचा वेग. तरी तो कपडे झटकत वर येतो. अशा वेळी पाचव्या पानावरची एक चौकट कागद चिकटवून पुन्हा काढा: विहिरीत सोडलेला मोटरचा पाइप, त्याला बांधलेला दोर, आणि एक म्हातारा ओरडतोय, "काऊन बे, तो दोर बदलला नाही का अजून?" विसाव्या पानावर हीरो तोच दोर पकडेल. दोर अर्ध्यात तुटेल, तळहात सोलून निघतील. चोविसाव्या पानापर्यंत त्या हातांना फडकी बांधलेली दिसू द्या.