मुलाला फिट नेमकी कशाने येते, हे कसं शोधावं?

लुकलुकता प्रकाश, डोक्यावर ओतलेलं गरम पाणी, अचानक झालेला मोठा आवाज, क्वचित दात घासणंसुद्धा. काही मुलांना अशा ठरावीक कारणानेच फिट येते. याला रिफ्लेक्स एपिलेप्सी म्हणतात. टीव्ही, खेळ, पोहणं या सगळ्यावर सरसकट बंदी घालण्याआधी कारण शोधा.

सुरुवात नोंदवहीपासून करा. फिटची वेळ आणि त्याआधी मूल काय करत होतं, हे लिहा. रात्रीची झोप, ताप, चुकलेली गोळी याही नोंदी हव्यात. त्या बहुतेकदा राहून जातात. पण झोप अपुरी असली की एरवी सोसणारा प्रकाशही सोसत नाही. पापण्या फडफडणं, क्षणभर हरवल्यासारखं बघणं, हाताला बसलेला एखादा झटका हेही टिपा. जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

मात्र घरी मुद्दाम दिवा चालू-बंद करून बघू नका. ती तपासणी ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढताना, देखरेखीखाली होते.

प्रकाशाचा त्रास असेल तर सेकंदाला साधारण 3 ते 30 वेळा होणारी उघडझाप धोक्याची. जपानमध्ये डिसेंबर 1997 मध्ये ‘पोकेमॉन’ या कार्टून मालिकेच्या एका भागातल्या लाल-निळ्या झगमगाटानंतर शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. अंधारात स्क्रीन बघू देऊ नका, अंतर ठेवा, ब्राइटनेस कमी करा. झाडांच्या रांगेतून गाडी जाताना पडणारी ऊन-सावलीही तसाच त्रास देते. अशा वेळी एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान वळवायला शिकवा. नुसते डोळे मिटून भागत नाही, प्रकाश पापण्यांतून आत जातोच.

गरम पाण्याने होत असेल तर पाणी कोमट ठेवा, डोक्यावर एकदम ओतू नका आणि दाराला आतून कडी नको.

औषध स्वतःहून बंद करू नका, मग फिट कितीही दिवस आलेली नसो.

फिट आलीच तर घड्याळ बघा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा, मुलाला कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. 5 मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी सुरू झाली, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा.